झाकणाच्या आत

दादरला एका जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. म्हातारे घड्याळजी आणि त्यांच्याकडे शिकायला येणारा पोरगा, दोघं बसले की गिऱ्हाइकाला बाहेरच उभं राहावं लागे.

एकदा एक गृहस्थ आले. चोरबाजारातून घेतलेलं १९६०च्या दशकातलं फेवर-ल्युबा सी-किंग पुढे ठेवून म्हणाले, "अस्सल आहे एवढं लिहून द्या. घेणारा तयार आहे."

पोराने डोळ्याला भिंग लावलं. तबकडी आत्ताच घासलेल्या ताटासारखी. "काका, एक डाग नाही. अस्सलच!"

"डाग नाही म्हणूनच नीट बघ. काटे कसे आहेत?"

काट्यांत भरलेला चमकता रंग तपकिरी पडला होता, तबकडीवरचे ठिपके मात्र पांढरेशुभ्र. त्या काळी या रंगात ट्रिटियम घालत. त्याचा जोर साधारण १२ वर्षांत निम्म्यावर येतो आणि रंगही काळवंडत जातो. काटे आणि ठिपके एकाच वयाचे, मग एक म्हातारा आणि दुसरा तरुण कसा? शिवाय अक्षरं जाड, आणि खालचं 'स्विस मेड' चक्क तिरकं. मुंबईत जुन्या तबकड्या रंगवून देणारे कारागीर पूर्वीपासून आहेत. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

"म्हणजे नकली," पोरगा म्हणाला.

"घाई करू नकोस." घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं. मशीन कंपनीचंच होतं, १७ ज्वेलचं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या. दुरुस्ती करणारे अशी आपली खूण ठेवतात. एका खुणेवर म्हातारबुवा थबकले. १९८७, आणि अक्षर त्यांचंच.

"तबकडीत पाणी गेलं होतं. मालकाच्या मुलाचं लग्न होतं, म्हणून मीच रंगवून आणून दिली."

गृहस्थ उसळले. "म्हणजे खोटेपणा तुमचाच!"

"तेव्हा घेणाऱ्याला ठाऊक होतं आणि देणाऱ्यालाही. रंगवण्यात खोट नाही साहेब, ते न सांगता विकण्यात आहे."

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं : मशीन अस्सल. काटे मूळचे. तबकडी १९८७ साली रंगवलेली.

"हे दाखवलं तर निम्मा भाव येईल!"

"मग निम्म्या भावाने द्या. चिठ्ठीचे काही नकोत, झाकण उघडल्याचे तेवढे वीस रुपये ठेवा."