मणक्याचं ऑपरेशन परवडतं कुणाला?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सिरसाळा परिसरही त्याला अपवाद नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. एकाची कंबर धरली की कोयता मोडतो. उचल मात्र दोघांच्या अंगावर तशीच राहते. दिवसभर वाकून तोडायचं, मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. या कामात कधीतरी ‘गादी सरकते, नस दबते’. त्यावर गावाचं मत ठरलेलं: मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा बसतो.

हे मत सरसकट खरं नाही. नेदरलँड्समधला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात चकती, म्हणजे हीच गादी, सरकून पायात कळ जाणारे 283 रुग्ण होते. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांना थांबवलं. वर्षाअखेरीस दोन्हीकडचे सुमारे 95 टक्के बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली, म्हणजे बाकीच्यांची टळली. फरक पडला तो वेळेचा: बरं वाटायला लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा.

मधल्या आठ आठवड्यांची किंमत काय? पगारी नोकराला ती वैद्यकीय रजा. कोयत्याला हंगामाचा मोठा भाग. अर्थतज्ज्ञ निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे किती खर्च आला ते मोजतात. अमेरिकेत चकतीच्या शस्त्रक्रियेचा हा खर्च दोन वर्षांच्या हिशेबात जास्त दिसला, चार वर्षांच्या हिशेबात बराच उतरला. खर्च एकदाच होतो, आराम पुढे मिळत राहतो. पण पुढच्याच हंगामात पुन्हा मोळीखाली जाणाऱ्या मणक्याला तो आराम किती पुरेल, याची हमी त्या आकड्यांत नाही.

नुसती कंबर दुखते म्हणून स्क्रू-सळ्या घालून मणके जोडून घेणं, हा मात्र बहुतेक वेळा आतबट्ट्याचा व्यवहार. मणक्याची नळी अरुंद झालेल्या रुग्णांमध्येही स्वीडनमध्ये 2016 साली दिसलं, की नस मोकळी करण्याच्या जोडीला मणके जोडल्याने दोन वर्षांनी जादा फायदा नव्हता. खर्च वाढला होता. ‘एमआरआयमध्ये गॅप दिसला’ हेही कारण पुरत नाही. 1994 च्या एका अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांपैकी 64 टक्क्यांच्या चकतीत दोष सापडला होता. ऊसतोडीत खाडा पडू नये म्हणून बीडमधल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं 2019 साली राज्यभर गाजलं. त्या जिल्ह्याला घाईच्या ऑपरेशनाबद्दल वेगळं सांगायला नको.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं तर बिल शून्यावर येऊ शकतं. अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय जवळ आहे. पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च आणि जड उचलायचं नाही असे पुढचे महिने कुठल्याच योजनेच्या कागदावर येत नाहीत.

पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. तिथे खर्चाचा विचार करायचा नसतो. एरवी सहा आठवडे औषध, व्यायाम, आणि मोळी बंद. ते सहा आठवडे कामगाराला मिळावेत म्हणून ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने त्या काळातली मजुरी द्यावी, आणि तेवढे दिवस मुकादमाने उचलीचा तगादा लावू नये.