परक्याचें दैवत

ज्या देवतेवर आपली श्रद्धा नाहीं तिच्या मंदिरांत शिरतांना आपण पायांतले जोडे बाहेर कां काढतों? बहुतेक सुशिक्षित मंडळी ‘शिष्टाचार म्हणून’ असें उत्तर देतील व विषय तेथेंच संपला असें मानतील. परंतु शिष्टाचार हा शब्द प्रश्नाचें उत्तर देत नाहीं, तो प्रश्न नुसता झांकून ठेवतो. शिवाय मंदिराला निदान उंबरठा असतो. कोठें थांबावयाचें हें डोळ्यांना दिसतें. जेथें सबंध पर्वतच पवित्र मानलेला आहे, आणि त्याच्या माथ्यावर जाण्याचा परवाना पैसे भरून रीतसर मिळतो, तेथें जोडे काढावयाचे ते कोठें?

बोर्निओ बेटाच्या उत्तरेस, मलेशियांतील साबा राज्यांत, किनाबालू नांवाचा ४,०९५ मीटर उंचीचा पर्वत आहे. तिंपोहोन येथील दाराशीं, सुमारें १,८६६ मीटरांवर, वाट सुरू होते आणि लागलीच पायऱ्या लागतात. ओक व चेस्टनट यांच्या कुळांतील उंच झाडांखालून कांहीं तास चढावें लागतें. खोडांवर ओलें शेवाळ, मध्यें मध्यें माणसाहून उंच नेचे, आणि ढग असे कीं ते आकाशांत नसून झाडांतच मुक्कामाला आले आहेत असें वाटावें. पुढें मातीचा गुण बदलतो. झाडें खुजीं व वेडींवांकडीं होतात, आणि झुडपांतून घटपर्णीचे पेले लोंबूं लागतात. जमिनींत अन्न पुरेसें नाहीं म्हणून या वनस्पति कीटकांवर निर्वाह करतात. सुमारें ३,२७० मीटरांवर रात्र काढून पहांटेपूर्वीं दिवा घेऊन निघावयाचें. त्यानंतर झाड म्हणून उरत नाहीं. हिमयुगांतील हिमनद्यांनीं खरवडलेला उघडा ग्रॅनाइट आणि त्यावरून वर गेलेला एक पांढरा दोर, एवढेंच दिव्याच्या उजेडांत दिसतें. उजाडल्यावर एका बाजूस समुद्र दिसतो व दुसऱ्या बाजूस पायांखालची जमीन एकाएकीं नाहींशी झालेली असते.

या पर्वतावर मृतांचे आत्मे वास करतात अशी तेथील कादाझान-दुसुन लोकांची परंपरा आहे. पूर्वीं माथ्याकडे जाण्याआधीं कोंबडीं, अंडीं, विड्याचीं पानें व सुपारी अर्पण करीत. हें वाचून आपल्याकडील कोणाही वाचकाला फारसें परकें वाटणार नाहीं. आज त्या लोकांपैकीं पुष्कळ जण ख्रिस्ती आहेत, कांहीं मुसलमान आहेत. तरी पर्वताविषयींचा संकोच गेलेला नाहीं. इंग्रज अधिकारी ह्यू लो हे १८५१ सालीं त्यांच्याच मदतीनें माथ्यावरील पठारापर्यंत पोंचले. ज्या टोंकाला आज लो यांचें नांव आहे त्यावर मात्र ते चढलेच नाहींत. तेथें १८८८ सालीं जॉन व्हाइटहेड प्रथम गेले. नांवें देण्याचा व्यवहार असाच चालतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. ३० मे २०१५ रोजीं कांहीं परदेशी प्रवाशांनीं या माथ्यावर कपडे उतरवून छायाचित्रें काढलीं. ५ जून रोजीं ६ परिमाणाचा भूकंप झाला, कडे कोसळले, आणि पर्वतावर अठरा माणसें मृत्युमुखीं पडलीं. पर्वत कोपला असें तेथील अनेकांनीं म्हटलें. राज्याच्या एका वरिष्ठ मंत्र्यानेंही तसेंच सुचविलें. चौघा प्रवाशांना तीन दिवसांची कैद व पांच हजार रिंगिट दंड झाला. बाहेरच्या जगांत या प्रकाराची थट्टा झाली.

थट्टा करणारांचा युक्तिवाद असा : नग्नतेमुळें भूकंप होत नाहीं, म्हणून त्या प्रवाशांचा कांहीं अपराध नाहीं. यांतील पहिलें विधान निर्विवाद आहे, पण दुसरें त्यांतून निघत नाहीं. एखाद्याच्या आईच्या समाधीवर कोणी नाचला आणि त्याला ठेंच लागली नाहीं, तर नाचणें निर्दोष ठरतें काय? दोष ठेंचेवर अवलंबून नव्हताच. उलट, पर्वताच्या कोपाचा धाक घालून आदर मागणारेही माझ्या मतें आपल्याच श्रद्धेचा अवमान करतात. मृतांत सिंगापूरच्या एका प्राथमिक शाळेचीं मुलें होतीं, आणि दुसऱ्यांना वांचवितांना प्राण गमावलेले दुसुन वाटाडेही होते. अपराधी सुखरूप सोडून लेंकरांना व आपल्याच भक्तांना मारणारें दैवत पूज्य कसें मानावें? त्या वाटाड्यांचें वर्तन मला दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांहून अधिक विचार करावयास लावतें. त्यांना तो पर्वत पवित्र होता, आणि त्याच पवित्र पर्वतावर परक्यांना हात देतांना त्यांनीं कोणाचा धर्म विचारला नाहीं.

तर मग परक्याच्या प्रत्येक पावित्र्यापुढें मान लववावी काय? महाराष्ट्रांत राहणाऱ्यानें या प्रश्नाला घाईनें ‘होय’ म्हणूं नये. नाशिकच्या काळाराम मंदिराचें पावित्र्य पुढें करूनच १९३० सालीं सत्याग्रहींना दारें बंद केलीं होतीं. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. त्या वेळीं ‘भाविकांच्या भावना’ हा शब्द अडसर घालणारांच्या तोंडीं होता. तेव्हां मला भेद दिसतो तो असा. कांहीं पावित्र्यें सर्वांपाशीं सारखाच संयम मागतात : येथें ओरडूं नका, येथें उघडे होऊं नका. कांहीं पावित्र्यें कोणाला तरी हीन ठरविल्यावांचून उभींच राहूं शकत नाहींत. पहिल्या प्रकारापुढें नमतांना माझी बुद्धि गहाण पडत नाहीं. दुसऱ्यापुढें नमलों तर मी दुसऱ्या कोणाचा तरी अपमान स्वतःच्या सभ्यतेच्या नांवानें खपवून घेतों.

ही कसोटी सर्वत्र पुरी पडते असें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील उलुरू या प्रचंड खडकावर चढूं नये अशी तेथील अनांगु लोकांची कित्येक वर्षें विनंती होती. फलक लावलेला असे, आणि त्याच्या शेजारून लोक चढत असत. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायद्यानें बंद झाली. बंदीपूर्वींच्या दिवसांत तेथें रांगा लागल्या होत्या. त्या रांगांतील माणसें दुष्ट होतीं असें मला वाटत नाहीं. ‘विनंती’ आणि ‘मनाई’ यांत मनाईचाच अर्थ कळण्याची संवय आपणां सर्वांनाच लागली आहे. किनाबालूच्या लोकांनीं चढण्यास मनाई केलेली नाहीं. वाटाड्या बरोबर घ्या व नीट वागा एवढेंच त्यांचें मागणें आहे, आणि तें पाळणें मला कठीण वाटत नाहीं.

कैलासाच्या शिखरावर मनुष्य गेल्याची नोंद नाहीं. हिंदु, बौद्ध, जैन व बोन या चारही धर्मांचे लोक त्याची प्रदक्षिणा करून परत फिरतात. तेथें चढण्याचा परवाना उद्यां कोणी विकावयास काढला, तर आपल्यापैकीं किती जण रागावतील! त्यांतल्या कितींनीं परक्यांच्या पर्वतावर हौसेनें छायाचित्रें काढून घेतलीं असतील, हें मात्र कोणी मोजणार नाहीं.