झुंबर आणि स्टूल

ग्वाल्हेरची झुंबरं पाहून आल्यापासून आमच्या घरातली शांतता भंगली आहे. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधून घेतलेल्या जयविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत. एकेक साडेतीन टनांचं! ती टांगण्याआधी छत टिकेल का, हे पाहायला वर हत्ती चढवले होते म्हणे. सगळे माना वर करून "वा!" म्हणत होते. मी पडलो कॉमर्सवाला. मला प्रश्न पडला, छत कोसळलं असतं तर ते नुकसान कुणाच्या खाती पडलं असतं? महाराजांच्या, की माहुतांच्या?

सौभाग्यवतींना असले प्रश्न पडत नाहीत. सोलापूरला पोचताच त्यांनी नवी पेठेतून झुंबर आणलं. पाच दिवे, चाळीस लोलक. छताला आकडा एकच, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यावरचा पंखा काढायची कुणाची छाती आहे? तेव्हा दुसरा आकडा ठोकावा लागला.

मेणबत्तीच्या काळात झुंबर ही नुसती चैन नव्हती. एका मेणबत्तीचा उजेड तो केवढा! पण पैलूदार काचेत शिरला की तो वळतो, फुटतो, रंग उधळतो आणि एका ज्योतीच्या दहा दिसतात. उजेड तेवढाच, दिसतो मात्र भरपूर. बँकेत आम्ही याला ताळेबंद सजवणं म्हणतो. सतराव्या शतकात रेवनस्क्रॉफ्ट नावाच्या इंग्रजानं काचेत शिसं घातलं आणि ही सजावट आणखी झगझगीत झाली. पण दोरी-कप्पीनं झुंबर खाली घ्यायचं, वाती पेटवायच्या, पुन्हा वर चढवायचं, ओघळलेलं मेण खरवडायचं, हे सारं नोकरांच्या खाती. वीज आली, वातीचं काम गेलं. पुसायचं राहिलं.

आमच्याकडे नोकर नाही. दिवाळीच्या आधी ही स्टुलावर, आणि मी खाली स्टूल धरून. "डावीकडं राहिलंय गं," अशी माझी देखरेख.

"अहो, तुम्हीच चढा की एकदा!"

चढलो. खालून लखलखणाऱ्या झुंबराच्या पाठीवर बोटभर धूळ होती. बाराव्या लोलकाला खांदा भरून आला. प्रत्येक लोलकात माझंच तोंड, तेही उलटं. खालून आवाज आला, "डावीकडं राहिलंय."

झुंबर काढून टाकावं, असं मात्र वाटलं नाही. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा शेजारची पोरगी भिंतीवरचे रंगीत ठिपके मुठीत पकडू लागली. त्या आनंदाला फाजील खर्च कसं म्हणावं? शोभा असावी. फक्त "वा!" एकाच्या नावे जमा आणि खांदा दुसऱ्याच्या नावे खर्च, असली नोंद माझ्या वहीत यापुढे चालणार नाही. यंदापासून वीस लोलक तिचे, वीस माझे.

हत्तींविषयीचा आदर मात्र फार वाढलाय. त्यांनी निदान छताचीच परीक्षा घेतली. त्यांना स्टुलावर कुणी चढवलं नव्हतं.