खुब्यातली धूळ

सावकाश बसा. भिंतीला पाठ टेकवा आणि उजवा तळवा खुब्यावर ठेवा. तळव्याखाली, मांसाच्या तळाशी, मांडीच्या हाडाचा गोल माथा वाटीत बसला आहे. ते हाड जिवंत आहे. काही पेशी ते रोज थोडं खातात, काही पेशी रोज थोडं भरून काढतात. हिशेब जुळतो तोवर आपल्याला पत्ताही लागत नाही. एक श्वास घ्या, सोडा. तेवढ्यातही ते काम चालूच राहिलं.

आता यवतमाळ जिल्ह्यातला तिशीतला एखादा सिकलसेलचा रुग्ण मनात आणा. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींनी बारीक रक्तवाहिन्या तुंबवल्या, रक्ताविना माथा खचला, खुबा बदलावा लागला. धातूचा गोळा, पॉलिथिलीनची वाटी. सत्तरीत बसवलेला सांधा बहुधा जन्माला पुरतो. याला अजून चाळीस वर्षं चालायचंय.

पावलागणिक वाटी झिजते. जुन्या पद्धतीची वाटी वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर. नखाएवढंही नाही, असं वाटेल. पण त्या झिजेतून निघणारे बहुतेक कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान असतात.

इथे जरा थांबा. शरीराची राखणदार भक्षक पेशी असा कण गिळते. तो पचत नाही. तिच्याकडून दाहाचे निरोप सुटतात, ते ऐकून हाड खाणाऱ्या पेशी वाढतात. कण तसाच राहतो, खाल्लं जातं ते शेजारचं हाड. जंतू नाही, ताप नाही; राखणीतच घर पोखरलं जातं. वणीच्या कोळसा खाणीतली धूळ फुप्फुसात गिळणाऱ्या पेशी याच कुळातल्या, आणि त्यांचीही अडचण हीच.

इंग्लंडचे शल्यविशारद जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्यात आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या. १९६२ पासून ते पॉलिथिलीनकडे वळले. दोन्ही पदार्थ त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी उठल्या, पॉलिथिलीनच्या जागी काही नाही. मांडीने खरंच सांगितलं, पण काही महिन्यांपुरतं. खुब्यात दहा-पंधरा वर्षं साचलेल्या कणांनी पुढे वेगळी साक्ष दिली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं, रेणूंची घट्ट वीण केलेलं पॉलिथिलीन पुष्कळच कमी झिजतं. तरी एक गोष्ट मनात धरून बसा: एक्स-रेवर हाडातली पोकळी दिसते, तेव्हा माणूस अनेकदा नीट चालत असतो, काही दुखत नसतं. डॉक्टर ठणठणीत माणसालाही ठरावीक काळाने तपासणीला बोलावतात, ते यासाठीच.