बलवान आणि विश्वासू : घर कोणाच्या हाती सोपवावे?

घर बांधणाऱ्याने फसवणूक केली तर गुन्हा त्याचा, यावर कोणाचे दुमत नाही. परंतु त्याला निवडणाऱ्याचे काय? केवळ दर कमी आहे म्हणून ज्याने डोळे मिटून काम सोपविले, तो अल्लाहपुढे पूर्णतः निर्दोष ठरेल काय? मुंब्रा, ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरात आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या किंवा घराची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंताने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

मुंब्र्याजवळील शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. तिला परवानगी नव्हती. वरचे मजले बांधले जात असतानाच खाली कुटुंबे राहावयास आली होती. मृतांत मुले होती, तसेच तेथेच राबणारे मजूरही होते. त्या अभाग्यांना दोष देणे हा दुसरा अन्याय ठरेल. पण त्यांच्या मृत्यूने एक गोष्ट स्पष्ट केली : बांधकामातील अप्रामाणिकपणा हा केवळ पैशांचा व्यवहार नसतो, तो माणसांच्या जिवाशी केलेला व्यवहार असतो.

मग निवड कशी करावी? दिव्य कुरआनने याचा निकष दिला आहे. हजरत मूसा (अ.) मदयनला पोहोचले, तेव्हा तेथील वृद्ध पित्याला त्याच्या मुलीने सुचविले की यांना कामावर ठेवावे; आणि कारण सांगताना तिने दोन गुण सांगितले : सामर्थ्य आणि विश्वासूपणा (२८:२६). यांपैकी एकच गुण पुरेसा नाही. कुशल पण लबाड कंत्राटदार सिमेंट वाचवील. प्रामाणिक पण अडाणी कंत्राटदार नकळत खांबालाच हात घालील. आपण मात्र बहुधा तिसऱ्याच गोष्टी पाहतो : तो नात्यातला आहे, गावचा आहे, पहिल्या सफेत नमाज पढतो. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी असे सांगितले जाते की, एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली तेव्हा त्यांनी विचारले : तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? पैशांचा व्यवहार केला आहेस काय? मशिदीतील ओळख ही व्यवहाराची परीक्षा नव्हे. कंत्राटदाराने पूर्वी केलेली दोन-तीन घरे पाहावीत आणि तेथे राहणाऱ्यांना विचारावे.

यावर कोणी म्हणेल, चौकशी करूनही माणसे फसतातच. हे खरे आहे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे इमारतींची महारेराकडे नोंदणी करून घेण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. नोंदणी पाहून विश्वास ठेवणारी कुटुंबे संकटात सापडली. येथे भेद लक्षात घ्यावा : अल्लाह आपल्याकडे परिणामाचा नव्हे, प्रयत्नाचा हिशेब मागेल. ज्याने शक्य तेवढी शहानिशा केली तो पीडित आहे. ज्याला संशय आला आणि स्वस्ताईच्या मोहाने त्याने तो दाबला, तो आपल्या वाट्याच्या जबाबदारीतून सुटत नाही. गरिबीमुळे ज्याच्यापुढे पर्यायच नव्हता, त्याची मजबुरी अल्लाह जाणतो.

निवडीनंतर येतो करार. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनने तपशीलवार दिली आहे (२:२८२). मूसा (अ.) यांनीही मुदत ठरवूनच काम स्वीकारले आणि अल्लाहला साक्षी ठेवले. इस्लामी विधिशास्त्रात बनवून घ्यावयाच्या वस्तूच्या कराराला ‘इस्तिस्ना’ म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन आणि किंमत स्पष्ट असावी लागते. ‘काम तर होऊ द्या, नंतर बघू’ ही संदिग्धता पुढे भांडणाचे मूळ बनते. म्हणून काम मटेरियलसह की फक्त मजुरीचे, सिमेंट-सळई कोणत्या प्रतीची, पैसे कोणत्या टप्प्याला, गळती झाल्यास जबाबदार कोण, हे सर्व कागदावर यावे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. त्याने दोघांच्याही विश्वासाचे रक्षण होते.

आणि आता आपली बाजू. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित (स.) यांनी बजावले की, फसविणारा आपल्यातला नाही. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, अशीही हदीस आहे. टाइलच्या एका रेषेचे निमित्त करून शेवटचा हप्ता अडकविणारा मालक याच इशाऱ्याच्या कक्षेत येतो; कारण तो हप्ता पुष्कळदा मिस्त्री आणि बिगाऱ्याच्या चुलीचा असतो. तसेच खोली मोठी करण्यासाठी इंजिनिअरला न विचारता भिंत पाडणाऱ्याने वरच्या व खालच्या शेजाऱ्यांचा हक्क आठवावा. कोणालाही इजा पोहोचवू नये, ही शरीअतची मूलभूत शिकवण आहे.

वाचकहो, ज्या छताखाली आपण सजदा करणार, ते कोणाचा हक्क मारून किंवा कोणाचा जीव धोक्यात घालून उभे राहू नये. अल्लाह आपणा सर्वांना व्यवहारात सचोटी आणि निवडीत विवेक प्रदान करो. आमीन.