युक्त आहार आणि घरातील शेवटचे पान

गृहस्थाच्या घरी चूल एकच असते, पण तिच्याभोवती जेवणाऱ्यांच्या प्रकृती अनेक असतात. वडिलांना पित्ताचा त्रास, म्हणून त्यांची आमटी कमी तिखटाची. आजीबाईंचा देह वातप्रधान, म्हणून त्यांना मऊ भात आणि त्यावर तुपाची धार. कफाच्या मुलाला रात्री दही वर्ज्य. आयुर्वेदावर श्रद्धा असलेल्या पुष्कळ घरांत अशी व्यवस्था आढळते, आणि ती योग्यच आहे. परंतु ही सारी पथ्ये जिच्या हातांनी सांभाळली जातात, त्या गृहिणीची प्रकृती कोणती, असे विचारले तर घरातील कोणालाही बहुधा उत्तर देता येत नाही. असे घर युक्त आहार करते, असे म्हणता येईल काय?

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, आहाराचा विचार आठ अंगांनी केलेला आहे. पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावर झालेला संस्कार, पदार्थांचा परस्परसंयोग, प्रमाण, देश, काल, भोजनाचे नियम आणि सर्वांत शेवटी भोक्ता, अशी ती अंगे होत. आपण वाताचे की पित्ताचे, एवढे एकदा कळले की आयुर्वेद हाती आला, असे मानणाऱ्यांनी हा क्रम अवश्य पाहावा. त्या यादीतील ‘प्रकृति’ हा शब्द तर अन्नाच्या स्वभावासाठी आहे, मनुष्याच्या नव्हे!

भोजनाचे जे नियम तेथे सांगितले आहेत ते साधे आहेत, पण पाळण्यास कठीण. अन्न ऊन व स्निग्ध असावे, मात्रेत असावे, आधीचे पचल्यावर घ्यावे. फार घाईने जेवू नये, फार रेंगाळूनही नये. बोलणे-हसणे सोडून मन अन्नात ठेवावे, आणि स्वतःकडे नीट पाहून, आपणांस काय मानवते व काय मानवत नाही हे ओळखून जेवावे. पुढील अध्यायात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत: एक घन अन्नाचा, एक द्रवाचा आणि एक वात, पित्त व कफ यांच्या संचारासाठी मोकळा. वातप्रधान मनुष्याचा अग्नी विषम, पित्तप्रधानाचा तीक्ष्ण, कफप्रधानाचा मंद. म्हणून एकाची मात्रा दुसऱ्याला लागू पडत नाही. आधुनिक वैद्यकाच्या कसोटीवर ही त्रिदोषांची विभागणी सिद्ध झालेली नाही, हेही सुज्ञ गृहस्थाने ध्यानात ठेवावे, आणि मधुमेहासारख्या व्याधीत केवळ तिच्या भरवशावर राहू नये. सावकाश, लक्षपूर्वक जेवल्याने तृप्तीची जाणीव वेळेवर होते, हे मात्र दोन्ही शास्त्रांस मान्य आहे.

आता हेच नियम स्वयंपाकघरातील शेवटच्या पानाला लावून पाहावेत. सर्वांची जेवणे उरकेपर्यंत दुपारचे दोन वाजतात. भूक लागून मरून गेलेली असते. भात निवलेला, भाजी तळाशी उरेल तेवढी. कालची पोळी टाकवत नाही म्हणून तीही त्याच पानात. चार घास घेते न घेते तोच कोणी हाक मारतो. ऊन अन्न, मात्रा, काल, एकाग्रता यांपैकी एकही नियम तेथे उरत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे व रस गेलेले अन्न तामस म्हटले आहे. आपण स्वतः सात्त्विक आहाराचा आग्रह धरावा आणि तामस अन्नाचा वाटा नित्य एकाच व्यक्तीकडे जावा, ही कोणती सात्त्विकता? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत, दारिद्र्य हे त्यांत मोठे. तथापि भरल्या घरातील शेवटचे पानही त्यातून सर्वस्वी वगळता येत नाही.

ही तर शास्त्राचीच रीत, असे कोणी म्हणेल. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय पाहिला तर निराळेच दिसते. अतिथी, आप्त व सेवक जेवल्यावर जे उरेल ते पती व पत्नी या दोघांनी घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. गृहस्वामीने आधी उठून ढेकर द्यावी आणि गृहिणीने भांडी खरवडावी, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय नववधू, कुमारिका, रोगी व गर्भिणी यांना अतिथींच्याही आधी, मनात किंतु न आणता वाढावे, अशी तेथे आज्ञा आहे. हे वचन घराघरांतून इतके विस्मरणात गेले, याचे नवल वाटते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. मागून जेवणे हा तिचा त्याग आहे, तो तिच्याकडून का हिरावून घ्यावा? पुष्कळ गृहिणी स्वतःच असे म्हणतात, आणि त्यांच्या वाणीत खोटेपणा नसतो. परंतु जो करण्यावाचून गत्यंतर नाही त्याला त्याग म्हणणे कठीण आहे. मुलाच्या आजारपणात आई उपाशी राहते तो त्याग होय. तीस वर्षे रोज निवलेला भात खाते ती केवळ इतरांची सोय. जे अतिशय खातात त्यांच्याबरोबरच जे मुळीच खात नाहीत त्यांनाही भगवंतांनी सहाव्या अध्यायात योगाच्या बाहेर ठेवले आहे. ते वचन स्त्रियांना लागू नाही, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

अडचण व्यवहाराची उरते. गरम भाकरी हवी तर कोणीतरी तव्यापाशी उभे राहिलेच पाहिजे. मग ते काम आळीपाळीने का होऊ नये? ज्याचे आधी आटोपले त्याने वाढावे. भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून सर्वांनी एकत्र बसावे. ज्याला नुकतीच उतरलेली भाकरीच हवी त्याने ती कधीतरी स्वतः भाजून पाहावी. प्रारंभी गृहिणीलाच हे अवघड जाते. तिला बसवून विचारले की ‘तुम्हांला काय मानवते?’, तर ती घरातील इतरांची पथ्ये एकेक करून सांगू लागते.