समुपदेशकानं आधी स्वतःबद्दल सांगावं

निंबोल्याहून बऱ्हाणपूरला आलेला केळीवाला शेतकरी समुपदेशकाला त्याचं शिक्षण विचारणार नाही. शिकलेल्या माणसाला उलट प्रश्न करणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. म्हणून शिक्षण काय, अनुभव कुठला, काम कोणत्या पद्धतीनं करणार, हे समुपदेशकानंच पहिल्या भेटीत सांगायला हवं. 1992च्या कायद्यानं चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र वर्षानुवर्षं कुणीही लावत आलं.

पद्धत सांगणं तर मला पदवीहूनही महत्त्वाचं वाटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. 1968पासून त्यांचा एलिस यांच्याशी पत्रव्यवहार होता. घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या आपल्या हटवादी समजुती आपल्याला जास्त छळतात, हे या पद्धतीचं सूत्र. अर्धवट शिकलेल्याच्या हातात ते क्रूर होतं. केळीचा भाव कोसळला, सोसायटीचं कर्ज थकलं, आणि समोरचा म्हणतो, ‘विचार बदला’! एलिस असं म्हणत नाहीत. ते चिंता आणि काळजी वेगळी करतात. कर्जाची काळजी रास्तच आहे, ती हिशेबाला बसवते. ‘भाव मिळाला नाही म्हणजे मी माणूस म्हणून संपलो’ हा निष्कर्ष मात्र तपासायचा, तोही त्याच्याबरोबर बसून, त्याच्या बोलीत. कर्जाचं काय करायचं हा प्रश्न त्यानंतरही उरतोच, आणि समुपदेशकानं तो उरतो असं स्पष्ट कबूल करावं.

दुसरी एक पार्श्वभूमी कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही. डॉ. अनिता अवचट यांनी 1986मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसंही समुपदेशक झाली. दारूसाठी घरात बोललेलं खोटं त्यांना चटकन ओळखू येतं, कारण ते त्यांनीही बोललेलं असतं. पण दारू अचानक सोडल्यावर झटके येऊ लागले तर डॉक्टरच लागतो. आपलं काम कुठे थांबतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे मी तरी कुणाला पाठवणार नाही.

बऱ्हाणपूरला न जाताही निंबोल्यातून 14416 या क्रमांकावर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेला, फोन करता येतो. 10 ऑक्टोबर 2022पासून तो चालू आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर तज्ज्ञाशी जोडून देतो. ‘तुम्ही कोण बोलता, काय शिकलात?’ हे त्यालाही बिनदिक्कत विचारावं.